आजिकान ऐकायला लागताना

आईला फोनवर म्हटलं, "शनिवारी आजिकानच्या कार्यक्रमाला चाललोय," तर पलीकडून प्रश्न आला, "कुणाच्या आजीचा कान?" तेव्हापासून आमच्या घरात या बँडचं नाव तेच पडलंय. हा जपानी रॉक बँड, पूर्ण नाव एशियन कुंग-फू जनरेशन. जपानी माणसाला लांब नाव तोडून चार अक्षरांत बसवल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आजिकान. कुंग-फूशी यांचा काडीचाही संबंध नाही. स्टेजवर उड्या नाहीत, रंगवलेले केस नाहीत. गाणारा चष्मा लावतो आणि एखाद्या कॉलेजातला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वाटतो.

'नारुतो' किंवा अलीकडची 'बोच्ची द रॉक!' अशी अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघताना यांचं गाणं कानावर पडलं, आवडलं, आणि पुढे नेमकं काय ऐकायचं ते कळेना, अशांसाठी हे लिहितोय. मी स्वतः पुण्यात जपानी शिकलो, आता काही वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहतो. सुरुवात मात्र मी पूर्ण चुकीची केली होती. सगळे अल्बम एकदम फोनवर उतरवले आणि 'शफल' दाबलं. महिनाभर ऐकून मला वाटलं की हा बँड म्हणजे एकच गाणं शंभर वेळा. तसं होऊ नये म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी पहिली: माणसं ओळखून घ्या

माणसं चारच आहेत, त्यामुळे फार वेळ लागणार नाही. गोतो मासाफुमी गातो, गिटार वाजवतो आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहितो. त्याला सगळे 'गोच' म्हणतात. किता केनसुके दुसरी गिटार वाजवतो आणि वरच्या पट्टीतला जोडआवाज देतो. बासवर यामादा ताकाहिरो, ड्रम्सवर इजिची कियोशी. आडनाव आधी, जपानी पद्धतीनं.

1996 साली योकोहामाच्या कान्तो गाकुइन विद्यापीठातल्या संगीत मंडळात बँड जमला आणि आजही हेच चौघं वाजवतात. कुणी भांडून गेलं नाही, कुणी 'सोलो करिअर'साठी बाहेर पडलं नाही. जपानी रॉकमध्ये बँड फुटणं, दहा वर्षांनी पुन्हा जमणं, निरोपाचा दौरा काढणं आणि त्यानंतर आणखी एक दौरा काढणं हे इतकं चालतं, की इतकी वर्षं गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या चौघांचं मला जास्त कुतूहल वाटतं.

'बोच्ची द रॉक!' पाहिलं असेल तर ही आडनावं ओळखीची वाटतील. त्यातल्या चार मुली म्हणजे गोतो हितोरी (हीच बोच्ची), किता इकुयो, यामादा र्‍यो आणि इजिची निजिका. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या हामाजी आकी यांनी अख्ख्या बँडची आडनावं उचलली आहेत. बास यामादाकडे आणि ड्रम्स इजिचीकडेच ठेवलेत, पण गोतो आणि किता यांची अदलाबदल केली आहे: खऱ्या बँडमध्ये गोतो गातो, कार्टूनमध्ये किता गाते आणि गोतो कोपऱ्यात मान खाली घालून गिटार वाजवते.

शोधताना एक काळजी घ्या. एकच गाणं कुठे रोमन लिपीत, कुठे जपानीत, कुठे इंग्रजी शीर्षकाखाली सापडतं. चाहत्यांनी वेगानं वाजवलेल्या किंवा पियानोवर बसवलेल्या नकलाही ढिगानं आहेत. कलाकाराचं पूर्ण नाव पाहा आणि मगच ऐका. अल्बमच्या चित्रावरूनही ओळखता येतं. 2002 पासून यांची मुखपृष्ठं नाकामुरा युसुके नावाचा चित्रकार काढतो. स्वच्छ रेषा, सपाट रंग, आणि बहुतेक वेळा बाजूनं दिसणारी एक मुलगी. दुकानात दहा फुटांवरून ओळखू येतं.

पायरी दुसरी: दीड मिनिटाचं गाणं पुरं ऐका

अॅनिमेच्या सुरुवातीला वाजतं ते गाणं नव्वदेक सेकंदांत बसवलेलं असतं. मधलं कडवं कापलेलं, शेवट घाईत आणलेला. आपल्यापैकी पुष्कळांना हा बँड तेवढाच माहीत असतो. म्हणून आधी ही कापलेली गाणी सलग ऐका: 'नारुतो'चं 'हारुका कानाता' (2003), 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं 'रिराइट' (2004), 'ब्लीच'चं 'आफ्टर डार्क' (2007).

'हारुका कानाता'पाशी जरा थांबू. गाणं सुरू होतं ते यामादाच्या बासवर. एकटा बास, जाड, थोडा फाटलेल्या आवाजाचा, मागे लागल्यासारखा पळणारा. बहुतेक रॉक गाण्यांत बास म्हणजे वरणातलं मीठ, नसला की कळतो. इथे त्यानंच दार उघडलंय. मग ड्रम्स आणि दोन्ही गिटारी एकदम अंगावर येतात. नावाचा अर्थ 'पार तिकडे, दूरवर'. हे गाणं नारुतोसाठी लिहिलेलं नाही. ते 2002 च्या नोव्हेंबरमध्ये एका छोट्या कंपनीनं काढलेल्या 'होकाई अँप्लिफायर' या सहा गाण्यांच्या चकतीवर आधीच होतं. 2003 च्या एप्रिलमध्ये सोनीच्या क्यून या लेबलनं तीच चकती पुन्हा बाजारात आणली, आणि त्याच वर्षी गाणं टीव्हीवर गेलं.

म्हणजे बँड जमल्यापासून देशभर ऐकू जाईपर्यंत सात वर्षं. या सात वर्षांत काय झालं तेही माहीत असावं. सुरुवातीला गोतो इंग्रजीत गाणी लिहायचा, कारण तो ऐकत होता ओअॅसिस आणि वीझर हे इंग्रजीत गाणारे रॉक बँड. पदवीनंतर तो नोकरी करत होता, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तालीम. हळूहळू तो जपानीत लिहायला लागला आणि तिथून बँडचा आवाज स्वतःचा झाला. आपल्याकडे इंग्रजीत गाणारी कॉलेजातली पोरं एक दिवस मराठीत गायला लागतात आणि एकदम खरी वाटायला लागतात, तसं काहीसं.

पायरी तिसरी: 'सोलफा', आणि तोही दोनदा

पहिला पूर्ण अल्बम 'किमी त्सुनागी फाइव्ह एम' 2003 च्या नोव्हेंबरमध्ये आला. चांगलाच आहे, पण नवख्यानं त्यानं सुरुवात करू नये असं माझं मत आहे. सगळं एकाच वेगानं धावतं. त्याऐवजी 'सोलफा' घ्या. ऑक्टोबर 2004 मध्ये आलेला हा अल्बम जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'रिराइट' यातच आहे, 'री-री' यातच, 'किमी नो माची मादे' आणि 'लूप अँड लूप'ही यातच.

ऐकायचं कसं? हेडफोन लावून, सलग, क्रम न बदलता. पहिल्या फेरीत फक्त गोतोकडे लक्ष द्या. त्याचा आवाज कमावलेला नाही. वरच्या सुरांत तो ताणतो आणि कुठे कुठे चरचरतो. ते तसंच हवंय. दुसऱ्या फेरीत फक्त दोन गिटारी ऐका. एक तारा झोडपत असते, तेव्हा दुसरी बहुधा दोन-तीन सुरांची छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असते. 'री-री'च्या सुरुवातीला ती ओळ इतकी वेळ फिरत राहते, की गाणारा यायचाच आहे हे आपण विसरतो. तिसऱ्या फेरीत इजिचीचे ड्रम्स. मी या तीन फेऱ्या निशी-कासाई ते ओतेमाची या रोजच्या मेट्रो प्रवासात केल्या, आठवडाभर. गर्दीत चेंगरून उभं राहिल्यावर करायला दुसरं काही नसतंच.

आता गंमत अशी की 'सोलफा' दोन आहेत. बँडला वीस वर्षं झाली तेव्हा, 2016 मध्ये, यांनी अख्खा अल्बम नव्यानं वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केला. त्याच वर्षी 'री-री'ची नवी आवृत्ती 'बोकु दाके गा इनाइ माची' या अॅनिमेला लागली. जुना अल्बम जुन्या चाहत्यांना प्राणाहून प्रिय, त्यामुळे यावर वाद घालायला लोकांना आवडतं. माझा कौल: आधी 2004 चा ऐका. त्यात एक घाई आहे, आवाज जरा पातळ आहे, सगळे एकमेकांच्या पुढे पळायच्या बेतात आहेत. मग 2016 चा. तीच माणसं चाळिशीला टेकलेली, ड्रम्स भरदार, गोतोचा गळा स्थिर. 'रिराइट'मधली आरोळी दोन्हींत ऐका. त्यातला 'केशिते' म्हणजे 'पुसून टाक'. सत्तावीस वर्षांचा मुलगा हा शब्द ओरडतो तेव्हा त्याला सगळं पुसायचं असतं. चाळिशीला टेकलेला माणूस तोच शब्द म्हणतो तेव्हा काय पुसायचं ते त्याला नेमकं माहीत असतं. हे माझ्या कानाचं म्हणणं, तुमचं वेगळं असेल.

पायरी चौथी: एक शीर्षक सोडवून पाहा

जपानी येत नसेल तर शब्दांचं काय करायचं? सगळ्या गाण्यांची भाषांतरं वाचत बसू नका. यंत्रानं केलेली तर नकोच. जपानीत कर्ता गाळायची सवय आहे, त्यामुळे यंत्र 'मी', 'तू' आणि 'ती' यांची पार खिचडी करून टाकतं. त्यापेक्षा एकाच गाण्याचं नाव घ्या आणि ते उलगडा. मी सुचवतो ते 2008 च्या फेब्रुवारीत आलेलं: 'कोरोगारु इवा, किमी नी आसा गा फुरु'.

'कोरोगारु' म्हणजे गडगडत जाणारा. 'इवा' म्हणजे खडक, धोंडा. झाला की नाही 'रॉक अँड रोल'? किती साध्या, घरगुती शब्दांत केलाय! पुढे 'किमी नी' म्हणजे तुझ्यावर, 'आसा' म्हणजे सकाळ. आणि 'फुरु' हे क्रियापद जपानीत पावसासाठी आणि बर्फासाठी वापरतात. सकाळ उगवत नाही, उजाडत नाही, ती तुझ्यावर पडते, पावसासारखी. मराठीत मला 'बरसते' सुचलं, पण ते फार सुगम संगीतातलं वाटतं. 'फुरु' रोजच्या बोलण्यातलं आहे, "आज पाऊस पडतोय का रे" इतकं साधं. पुण्यात आमच्या जपानीच्या वर्गात हे क्रियापद दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हवामानाच्या धड्यात आलं होतं. तेव्हा ते असं वापरता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता 'बोच्ची द रॉक!'कडे पुन्हा या. 2022 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बारा भाग झाले. पहिल्या भागाचं नाव 'कोरोगारु बोच्ची' आणि बाराव्याचं 'किमी नी आसा गा फुरु'. एका गाण्याच्या शीर्षकाची दोन टोकं मालिकेच्या दोन टोकांना बांधली आहेत. शेवटच्या भागात ते गाणं वाजतंही, बोच्चीचा आवाज असलेल्या आओयामा योशिनोनं गायलेलं. मधल्या भागांची नावंही आजिकानच्या गाण्यांवरून किंवा त्यांवर कोटी करून घेतलेली: दहावा 'आफ्टर डार्क', नववा 'एनोशिमा एस्कार'. मालिका पाहून झाली असेल तर भागांची यादी समोर ठेवून एकेक गाणं शोधा. सुरुवातीसाठी याहून चांगली गाणी-यादी मला करता आली नसती.

पायरी पाचवी: बाकीचे अल्बम, भराभर

'फॅनक्लब' (2006) अंधारा आहे. यश अंगावर आल्यावर माणूस गोंधळतो तसा. ड्रम्स मात्र इथे सर्वांत चतुर. 'ब्लू ट्रेन' ऐकताना पायानं ठेका धरून बघा, दोनदा तरी चुकाल. 'वर्ल्ड वर्ल्ड वर्ल्ड' (2008) हा माझ्या मते यांचा सर्वांत भरीव अल्बम आहे. 'आफ्टर डार्क' आणि तो गडगडणारा धोंडा दोन्ही यातच. 'सोलफा'नंतर थेट यावर उडी मारलीत तरी चालेल.

2010 हे वर्ष वेगळं ऐका. त्या वर्षी यांनी 'सोलानिन' काढलं. आसानो इनिओच्या त्याच नावाच्या मांगात एक बँड आहे आणि त्या बँडच्या गाण्याचे शब्द मांगात छापलेले आहेत. कागदावर शब्द होते, चाल नव्हती. वाचकांनी आपापल्या मनात लावली असेल ती. चित्रपट करताना त्या शब्दांना चाल आजिकाननं दिली आणि पडद्यावर ते गाणं मियाझाकी आओई या अभिनेत्रीनं गायलं. त्याच वर्षी 'योजोहान शिनवा ताइकेई' या अॅनिमेला यांचं 'मायगो इनु तो आमे नो बीट' लागलं. हरवलेला कुत्रा आणि पावसाचा ठेका. त्या अॅनिमेतल्या पात्रांची रूपं काढणारा चित्रकार तोच, मुखपृष्ठांवाला नाकामुरा युसुके.

मार्च 2011 मध्ये तोहोकूचा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातला अपघात झाला. गोतोनं त्याच वर्षी 'द फ्यूचर टाइम्स' नावाचं फुकट वाटायचं वर्तमानपत्र सुरू केलं, हातात धरायचं, कागदाचं. अणुऊर्जेविरुद्ध तो उघड बोलला. 2012 मध्ये संगीतकार साकामोतो र्‍युइचीनं मांडलेल्या 'नो न्यूक्स' कार्यक्रमात बँड वाजवायला गेला. जपानमध्ये गाणाऱ्यानं राजकारणावर बोलू नये असा एक अलिखित संकेत आहे, आणि तो मोडल्याबद्दल गोतोला बोलणी खावी लागतात, अजूनही. इथल्या ऑफिसात मी एकदा कौतुकानं त्याचं नाव काढलं, तर शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "गाणी छान आहेत." पुढे काही नाही. जपानी माणूस तेवढंच म्हणून थांबला की बाकीचं आपण समजायचं. 'लँडमार्क' (2012) ऐकताना हे डोक्यात असू द्या.

'वंडर फ्यूचर' (2015) लॉस एंजेलिसला, फू फायटर्स या अमेरिकन रॉक बँडच्या स्टुडिओत केला. दणदणीत आहे, पण मला त्यात आजिकान कमी आणि स्टुडिओ जास्त ऐकू येतो. नंतर कधीतरी ऐका. 'होमटाउन' (2018) मात्र सोडू नका. गोतोला तोवर खालच्या, पोटात वाजणाऱ्या आवाजाचं वेड लागलं होतं आणि ते इथे कळतं. फोनच्या स्पीकरवर अर्धा अल्बम गायब होईल, एवढं लक्षात ठेवा. 'प्लॅनेट फोक्स' (2022) मध्ये पाहुणे गायक-रॅपर बरेच. ज्यांना जुना वेग हवा ते नाक मुरडतात. मला आवडतो.

पायरी सहावी: कार्यक्रमाला जायचं असेल तर

जपानमध्ये राहत असाल किंवा फिरायला येणार असाल तर हे वाचा, नाहीतर पुढच्या पायरीवर जा.

तिकीट रांगेत उभं राहून मिळत नाही, बहुधा सोडतीत मिळतं. काही महिने आधी अर्ज भरायचा, निकालाची वाट पाहायची, लागलं तर ठरलेल्या मुदतीत पैसे भरायचे. कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातही भरता येतात. मुदत चुकली की तिकीट गेलं, विनवण्या चालत नाहीत. बऱ्याच तिकीट सेवा जपानी मोबाईल नंबर मागतात, तेव्हा पर्यटक असाल तर इथल्या ओळखीच्या माणसाला आधीच गाठा. फक्त यांचाच कार्यक्रम असेल तर त्याला 'वानमान' म्हणतात. दोन-तीन बँड असतील तर 'ताइबान'. जाहिरातीत हे पाहून घ्या, नाहीतर अर्ध्या तासात यांचं आटोपलं म्हणून हळहळाल.

उभ्यानं पाहायच्या ठिकाणी तिकिटावर 'सेइरी बांगो' छापलेला असतो, म्हणजे आत सोडायचा क्रमांक. दारावरचा माणूस एकेक आकडा जपानीत पुकारतो. आपला आकडा जपानीत कसा म्हणतात ते पाठ करून जा. माझा सातशेच्या घरातला होता. मी मनात आकड्याची जुळवाजुळव करत बसलो आणि माझ्या मागचे चाळीसेक जण आत गेले. आत शिरताना तिकिटाव्यतिरिक्त एका पेयाचे पाचशे-सहाशे येन वेगळे घेतात, सुटी नाणी हाताशी असू द्या. सॅक आणि कोट लॉकरमध्ये. टॉवेल, टीशर्ट विकायचं टेबल कार्यक्रमाआधी बरंच लवकर लागतं. गाणं चालू असताना फोन बाहेर काढायचा नाही. कुणी ओरडणार नाही, पण कर्मचारी हळूच खांद्यावर हात ठेवतो आणि ते जास्त लाजिरवाणं असतं.

पुष्कळ जपानी बँडांच्या कार्यक्रमात सगळे जण एकाच पद्धतीनं हात हलवतात. इथे गोतो स्वतःच सांगतो की ज्याला जसं वाटेल तसं ऐका, नाचा किंवा नुसते उभे राहा. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ ऑफिसच्या कपड्यांत हाताची घडी घालून दोन तास उभे होते. 'रिराइट'मध्ये मात्र त्यांचे ओठ हलत होते. या गाण्याचा मधला भाग हे लोक स्टेजवर भलताच लांबवतात, सगळं मंदावतं, आवाज घुमायला लागतो, आणि मग ती आरोळी पुन्हा येते. तिथे ओरडायची सगळ्यांना मुभा आहे.

पायरी सातवी: एक दिवस मोकळा ठेवा आणि गाडीत बसा

'सर्फ बुंगाकु कामाकुरा' हा अल्बम मी मुद्दाम शेवटी ठेवला. नोव्हेंबर 2008 चा. योकोहामाच्या पलीकडे फुजिसावा ते कामाकुरा अशी समुद्राकाठानं जाणारी एनोदेन नावाची छोटी रेल्वे आहे: दहा किलोमीटर, पंधरा स्टेशनं, पस्तीसेक मिनिटं. अल्बममधलं एकेक गाणं एकेका स्टेशनाच्या नावावर आहे. सुरुवात 'फुजिसावा लूजर', शेवट 'कामाकुरा गुडबाय'. सगळे एकत्र वाजवताहेत आणि टेप फिरतेय, अशा रीतीनं केलेला अल्बम. नखरे नाहीत, वीझरच्या वळणाची गोड, गुणगुणता येणारी गाणी.

पण 2008 मध्ये दहाच गाणी होती आणि स्टेशनं पंधरा. पाच गावकऱ्यांवर अन्याय झाला म्हणायचा. पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये, यांनी उरलेल्या पाचांची गाणी करून अख्खा अल्बम पुन्हा काढला. त्यात दोन ठिकाणी हुशारी आहे. शोनान-काइगान-कोएन या स्टेशनासाठी 'सेइहो' आणि कामाकुरा-कोको-माएसाठी 'निस्साका' ही नावं वापरली आहेत. ही त्या स्टेशनांची जुनी नावं, आता पाट्यांवर नसलेली. आपल्याकडे कुणी एल्फिन्स्टन रोडसारखी, पाटीवरून गेलेली नावं गाण्यात आणावीत तसं. आणि 'यानागिकोजी पॅरलल युनिव्हर्स'ला एक जुळं भावंड आहे: 'देमाचियानागी पॅरलल युनिव्हर्स', चाल तीच, शब्द वेगळे. देमाचियानागी क्योतोमध्ये आहे.

जायचं तर फुजिसावाहून सुरू करा. मी पहिल्यांदा कामाकुराहून बसलो. गाडी निघाली, कानात 'फुजिसावा लूजर' आणि खिडकीबाहेर कामाकुरा. पुढची अर्धी वाट मी गाणी उलट क्रमानं लावत बसलो आणि समुद्र बघायचा राहिला. दिवसभर कुठेही चढायला-उतरायला चालणारा पास मिळतो, त्याचं नाव 'नोरिओरिकुन', तो घ्या. पंधरा गाणी तेवढ्या मिनिटांत मावत नाहीत, त्यामुळे अधूनमधून उतरावं लागणारच. उतरलात तरी घाई नको, बारा-पंधरा मिनिटांत पुढची गाडी येते.

एनोशिमाला उतरून बेटावर चालत जा. तिथे डोंगर चढायला पैसे देऊन वापरायचा सरकता जिना आहे, एनोशिमा एस्कार, गाण्याचं नाव तेच. तो फक्त वर नेतो. उतरायचं आपल्या पायांनी. बोच्ची आणि तिच्या मैत्रिणी नवव्या भागात इथेच येतात. एनोशिमा ते कोशिगोए गाडी चक्क रस्त्यावरून जाते, दुकानांच्या दारांना घासून, मोटारी बाजूला थांबलेल्या. कोशिगोएचा फलाट इतका आखूड की एका डब्याची दारं उघडतच नाहीत. तुम्ही नेमके त्याच डब्यात असाल. मग एकदम उजवीकडे समुद्र. कामाकुरा-कोको-माएच्या फाटकावर 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलवरच्या मांगाच्या चाहत्यांची झुंबड असते, फोटो काढायचा तर रस्त्यात उभे राहू नका, तिथे लोक राहतात. शिचिरिगाहामा, इनामुरागासाकी हा पट्टा बसूनच ऐका, हवा स्वच्छ असली तर मागे वळून फुजी दिसतो. गोकुराकुजीनंतर या मार्गावरचा एकमेव बोगदा, बाहेर पडलात की हासे, म्हणजे मोठ्या बुद्धाचं स्टेशन. 'बोच्ची'च्या तिसऱ्या भागाचं नाव हासेच्या गाण्याच्या नावावरची कोटी आहे.

गाडीत आवाज कमी ठेवा. शाळेची मुलं असतात, बाजारहाट करून येणाऱ्या आज्या असतात, आणि इअरफोनमधून गळणारी गिटार त्या छोट्या डब्यात सगळ्यांना ऐकू जाते.

परतताना पास अजून चालू असेल तर उलट्या दिशेनं फुजिसावाच्या आधीच्या इशिगामीला उतरा. नव्या पाचांतलं 'इशिगामी हिल्स' लावा. एकच रूळ, छोटा फलाट, मागच्या घरांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. पाहण्यासारखं तिथे काहीच नाही. पहिल्या अल्बममध्ये ते का राहून गेलं ते लगेच कळतं, आणि पंधरा वर्षांनी पुन्हा आठवण ठेवून ते का घेतलं, तेही पुढची गाडी येईपर्यंत.